कोंबड्यांची आतडी आणि जड धातू : लॅबचं टेस्टिंग पॅकेज दोनदा वापरलं, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांब होणारे, कारण या पॅकेजबद्दल कुणी मला आधी नीट सांगितलं असतं तर माझे दोन-अडीच महिने आणि बरीच औषधं वाचली असती. पोल्ट्रीसाठी जड धातू तपासायचं पॅकेज, त्यात पाणी, तयार फीड, फीडमधला कच्चा माल, लिव्हर-किडनी आणि आतड्याची हिस्टोपॅथॉलॉजी (पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली तपासणी) असं सगळं एकत्र. मी ते दोनदा घेतलं, एकदा त्रास चालू असताना आणि एकदा बदल केल्यावर. लॅबचं नाव लिहीत नाही, असं पॅकेज बऱ्याच लॅब देतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही लॅबला लागू होतं. रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढे येईल.

तर त्रास असा होता. लेयर म्हणजे अंडी देणारे पक्षी, प्रॉडक्शनच्या ऐन भरातले, आणि विष्ठा पातळ. मरतूक फारशी नाही, खाणं थोडं मागेपुढे, पण केजखाली कायम ओल, मधूनच हिरवट, आणि काडीने पसरून बघितलं तर भरड्याचे कण न पचता जसेच्या तसे. कॉक्सीचं, म्हणजे आतड्यातल्या कॉक्सिडिया परजीवीचं, औषध दिलं, चार दिवस बरं वाटलं, परत तेच. मग अँटिबायोटिकचा कोर्स झाला, मग अ‍ॅसिडिफायर, मग दुसरं अँटिबायोटिक, प्रत्येक वेळी चार-पाच दिवस विष्ठा बांधून यायची, आम्हाला वाटायचं चला सापडलं औषध, आणि आठवडाभरात पहिले पाढे पंचावन्न. अंड्याचं कवच पातळ, वजन उतरलेलं, फीड मात्र तेवढंच लागतंय. पोस्टमॉर्टेम केलं तर आतडं फिकट, पातळ, आत पाणी आणि फेस, पण बोट ठेवून सांगावं की हे कारण, असा एक घाव दिसेना. हे "कोणतंही औषध चार दिवस चालतं" लक्षात ठेवा, पुढे तेच महत्त्वाचं ठरलं.

डॉक्टर मॅडमनी तिसऱ्या पोस्टमॉर्टेमनंतर स्पष्ट सांगितलं की आता औषध बदलू नका, फीड आणि पाण्यातले धातू तपासा. मला पटलं नव्हतं. जड धातू म्हटलं की कारखान्याचं सांडपाणी, फुटलेल्या बॅटऱ्या, जुना शिशाचा रंग असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं, आणि यातलं आमच्या शेडजवळ काही नाही. पण मॅडम म्हणाल्या की पोल्ट्रीत धातू बहुतेक वेळा पोत्यातून येतात, डीसीपीतून (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरससाठी घालतात ते), चुनखडीतून, मिनरल मिक्समधून, फिशमीलमधून. म्हणून घेतलं पॅकेज.

आता किटबद्दल. खोका चांगला पॅक होऊन आला. पाण्यासाठी प्लास्टिकच्या बाटल्या, त्यात तळाशी थोडं नायट्रिक अ‍ॅसिड आधीच घातलेलं, पाऱ्यासाठी वेगळी काचेची बाटली, फीडसाठी पिशव्या, लिव्हर-किडनीसाठी झिपच्या पिशव्या आणि आतड्यासाठी फॉर्मॅलिनची बरणी. अ‍ॅसिड यासाठी की धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसू नयेत, पाण्यातच विरघळलेले राहावेत. पण हे सूचनापत्रावर इतक्या बारीक अक्षरात होतं की आमच्याकडच्या मुलाने सवयीप्रमाणे बाटल्या विसळल्या, अ‍ॅसिड गेलं वाहून. त्याची चूक नाही, बाटली विसळूनच भरायची हे त्याला आधीच्या पाणी तपासणीत शिकवलं होतं. लॅबने दुसऱ्या बाटल्या पाठवल्या, वेगळे पैसे लावले नाहीत, ते चांगलं केलं. पण बाटलीवरच लाल अक्षरात "विसळू नका" लिहायला काय जातं?

फीडचा नमुना कसा घ्यायचा हे मात्र त्यांनी फार छान समजावलंय. एका पोत्यातली मूठभर चालत नाही. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-मधून-तळातून थोडं थोडं काढायचं, ताडपत्रीवर एकत्र कालवायचं, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे बाजूला, परत कालवायचं, असं करत अर्धा-एक किलोवर यायचं. कारण मिनरल जड असतं आणि तळाशी बसतं, वरची मूठ घेतली तर रिपोर्ट खोटा दिलासा देतो, तळाची घेतली तर खोटी भीती. आतड्याच्या नमुन्याचंही तसंच, पक्षी मेल्यावर आतडं फार लवकर सडायला लागतं, म्हणून आपल्या हाताने मुद्दाम मारलेल्या (कल केलेल्या) पक्ष्याचं, काही मिनिटांत, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे कापून थेट फॉर्मॅलिनमध्ये. सकाळी मेलेला सापडलेला पक्षी दुपारी कापून पाठवला तर पॅथॉलॉजिस्टला त्यातून काहीही वाचता येत नाही. आणि धातूंसाठीची लिव्हर-किडनी मात्र फॉर्मॅलिनमध्ये नाही, ती गोठवून. यात लोक हमखास घोळ घालतात.

पाण्याचे दोन नमुने सांगितले होते, एक बोअरचा आणि एक निपल लाइनच्या (पक्षी जिथून पाणी पितात त्या नळीच्या) अगदी शेवटच्या टोकाचा, सकाळी पहिलं पाणी. मला दुसरा नमुना म्हणजे वाढीव खर्च वाटला होता. नेमका त्यानेच उलगडा केला.

रिपोर्ट सांगितलेल्या तारखेपेक्षा चार दिवस उशिरा आला, आणि आला तो नुसता तक्ता. तपासणी आयसीपी-एमएस (धातू अगदी बारीक मोजणाऱ्या) मशीनवर केलेली, लॅब आयएसओ १७०२५ ची (तपासणी लॅबसाठीच्या मानकाची) मान्यता असलेली, त्याबद्दल तक्रार नाही, आकडे विश्वासाचे वाटले. पण पाण्यातल्या अर्ध्या धातूंपुढे "एनडी" लिहिलेलं, म्हणजे सापडला नाही, आणि कितीपर्यंत शोधला ते कुठेच नाही. माझा एक स्टार इथे गेला. बघा, पूर्ण फीडमध्ये कॅडमियमची युरोपातली मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे. समजा एखाद्या लॅबचं मशीन १ च्या खालचं भरवशाने मोजूच शकत नसेल तर त्यांचं "सापडला नाही" हे उत्तर आपल्या काही कामाचं नाही. पाण्याचं तर अजून बारीक, डब्ल्यूएचओच्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा लिटरला मायक्रोग्रॅममध्ये, आर्सेनिक १०, शिसं १०, कॅडमियम ३. मी फोन करून मागितल्यावर त्यांनी प्रत्येक धातूची मोजता येणारी किमान पातळी टाकून सुधारित रिपोर्ट दिला, आणि त्यांचं मशीन खरोखर पुरेसं बारीक होतं. मग पहिल्यांदाच का नाही छापलं! तुम्ही कुठेही टेस्ट कराल तर हे आधी विचारा. आणि युनिट बघा, पाणी पीपीबीत (लिटरला मायक्रोग्रॅम) आणि फीड पीपीएममध्ये (किलोला मिलिग्रॅम) असतं, हजारपटीचा फरक आहे, आमच्या ओळखीच्या एकाने दोन्ही एकच समजून चांगला बोअर बंद करून ठेवला होता.

अजून दोन गोष्टी रिपोर्ट वाचताना लागतात म्हणून इथेच सांगतो. लिव्हर-किडनीचा आकडा ओल्या वजनावर आहे की वाळलेल्या वजनावर ते बघायचं, लिव्हरमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे वाळवून मोजलेला आकडा तिप्पट-चौपट मोठा दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. आणि फिशमील वापरत असाल तर एकूण आर्सेनिक जास्त येणारच, पण समुद्री माशांतलं बहुतेक आर्सेनिक हे आर्सेनोबीटाइन नावाच्या सेंद्रिय रूपात असतं, ते त्यामानाने निरुपद्रवी, घातक ते असेंद्रिय आर्सेनिक, आणि ते वेगळं मोजायला वेगळी टेस्ट लागते. पॅकेजमध्ये ती नाही, गरज असेल तरच मागवा.

आता आमचा निकाल. बोअरचं पाणी स्वच्छ. आर्सेनिक, शिसं, पारा सगळं मर्यादेच्या खूप खाली. फीडमध्ये शिसं मर्यादेत (युरोपात पूर्ण फीडला ५ पीपीएमची मर्यादा आहे), पारा नाही, कॅडमियम ०.८, म्हणजे मर्यादेच्या वर. कच्च्या मालात ते कुठून आलं तेही दिसलं, डीसीपीमध्ये कॅडमियम ४५ पीपीएमच्या आसपास. हिशोब करा, फीडमध्ये डीसीपी दीड टक्का, म्हणजे नुसत्या त्यातूनच ०.६८ आलं. डीसीपी ज्या रॉक फॉस्फेटपासून बनतं तो दगड काही ठिकाणी समुद्रतळाच्या गाळातून तयार झालेला असतो आणि त्यात कॅडमियम मुळातच जास्त असतं, तापलेल्या शिलारसापासून बनलेल्या दगडातल्या फॉस्फेटमध्ये कमी. पोत्यावर फॉस्फरसचा आकडा होता, फ्लोरिनचा होता, कॅडमियमचा नव्हता, आणि मीही कधी विचारला नव्हता. चुनखडीचंही असंच, लेयर फीडमध्ये ती आठ-दहा टक्के जाते, त्यामुळे तिच्यात २० पीपीएम शिसं असलं तरी फीडला जवळजवळ २ पीपीएम तिथूनच मिळतं. जे जास्त घालतो ते आधी तपासायचं, हे मला या तक्त्यातून कळलं.

मला वाटलं झालं, सापडला चोर, कॅडमियम. मी फोनवर तसं म्हणालोही. पण लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला थांबवलं, आणि त्या अर्ध्या तासाच्या फोनसाठी मी हे पॅकेज परत घेईन. त्या म्हणाल्या, मर्यादा ओलांडली म्हणजे दोष सापडला असं नाही, मर्यादा ही माणसाच्या ताटापर्यंत काय पोचतं ते धरूनही ठेवलेली असते, आणि आतडं उघड उघड बिघडतं ते प्रयोगांमध्ये याच्या कितीतरी पट कॅडमियम देऊन. डीसीपी बदलाच, पण एवढ्या कॅडमियमने एवढी पातळ विष्ठा होणार नाही. तुमच्या तक्त्यातला कॉपरचा रकाना वाचलात का?

नव्हता वाचला. कॉपर म्हणजे आपलं नेहमीचं, मिनरल मिक्समधलं, त्याला कोण विष समजतं. फीडमध्ये कॉपर २३० पीपीएम. पक्ष्याची गरज किती, तर एनआरसीच्या (अमेरिकेची नॅशनल रिसर्च कौन्सिल) १९९४ च्या तक्त्यात ब्रॉयलरला ८ पीपीएम. वाढीसाठी म्हणून १२५ ते २५० घालायची पद्धत बऱ्याच काळापासून आहे, आमच्या मिनरल मिक्समध्ये थोडं होतंच आणि बुरशीरोधक म्हणून जे वेगळं घालत होतो त्यातही होतं, दोन्हींची बेरीज कुणी केलीच नव्हती. आणि निपल लाइनच्या शेवटच्या टोकाचं पाणी, त्यात कॉपर १०० पीपीएमच्या वर! बोअरमध्ये शून्याच्या जवळ आणि निपलला शंभराच्या वर, म्हणजे मधे कुणीतरी घालतंय.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. आम्हीच घालत होतो. आधी कधीतरी क्रॉपमध्ये (गळ्याजवळच्या अन्नाच्या पिशवीत) बुरशी सापडली होती म्हणून पाच दिवस लिटरला अर्धा ग्रॅम मोरचूद सांगितलं होतं, पाच दिवस झाले, विष्ठेचा त्रास तेव्हा नव्हता, सुपरवायझरला वाटलं लाइनही स्वच्छ राहते, शेवाळ धरत नाही, तर चालू ठेवू. त्याला थांबवा असं कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मोरचूदमध्ये कॉपर साधारण पंचवीस टक्के, म्हणजे लिटरला १२५ मिलिग्रॅम, आणि कोंबडी खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, म्हणजे फीडच्या भाषेत ते अजून २५० पीपीएम झालं. फीडमधलं २३० आणि हे २५०. गरजेच्या किती पट ते तुम्हीच बघा.

आणि चार दिवसांचं कोडं तिथेच सुटलं. औषधाचा कोर्स चालू असला की औषधाच्या टाकीत मोरचूद घालायचं नाही, एवढा नियम सुपरवायझर काटेकोर पाळायचा. म्हणजे कॉक्सीचं असो की अँटिबायोटिक असो, औषध कुठलंही चालू असलं की मोरचूद बंद, आतडं जरा सावरायचं, कोर्स संपला की परत चालू. आम्ही ज्याला औषधाचा गुण समजत होतो तो मोरचूद बंद असल्याचा गुण होता. हे कळलं तेव्हा मी फोन हातात धरून कितीतरी वेळ नुसता बसलो. तेवढे पक्षी, तेवढे दिवस.

हिस्टोपॅथॉलॉजीचा भाग आता सांगतो कारण पॅकेजमधला सगळ्यात मोलाचा तोच, आणि बरेच जण खर्च वाचवायला तोच गाळतात. आतड्याच्या आतून बोटांसारखे उंचवटे असतात, विलाय, त्यांच्यावरून अन्न शोषलं जातं, आणि त्यांच्या बुडाशी खड्डे असतात, क्रिप्ट, तिथे नव्या पेशी बनतात आणि वर सरकत जातात. चांगल्या आतड्यात विलाय उंच आणि क्रिप्ट उथळ. आमच्या रिपोर्टमध्ये विलाय आखूड, टोकाशी झिजलेले, एकमेकांना चिकटलेले, आणि क्रिप्ट खोल. खोल क्रिप्टचा अर्थ बाईंनी असा सांगितला की पेशी इतक्या मरतायत की खालचा कारखाना दोन पाळ्यांत चालू आहे, आणि कोंबडी जे खाते त्यातला मोठा वाटा अंड्याला न जाता या डागडुजीला जातो. मला तेव्हा एफसीआर (किती फीडला किती अंडं मिळतं तो हिशोब) का ढासळला ते समजलं. श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशीही विस्कटलेल्या. कॉक्सीचा एकही टप्पा काचपट्टीवर नाही, म्हणजे आम्ही दिलेली सगळी कॉक्सीची औषधं फुकट.

गिझार्डचंही, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाचंही, त्यांनी विचारलं, आतलं पिवळं अस्तर कसं होतं. आम्ही गिझार्ड उघडलंच नव्हतं, तीनही पोस्टमॉर्टेममध्ये. पुढचे दोन पक्षी कापले तेव्हा मुद्दाम उघडलं, अस्तर खरबरीत, भेगा पडलेलं, काही ठिकाणी निघालेलं, खाली काळपट. जास्त कॉपर गिझार्डच्या या अस्तराला खातं ही जुनी माहिती आहे. न पचलेला भरडा विष्ठेत का येत होता त्याचं उत्तर तिथे होतं, दळणारी चक्कीच बिघडलेली. तुमच्याकडे पोस्टमॉर्टेम होईल तेव्हा गिझार्ड उघडून धुऊन बघितल्याशिवाय पक्षी टाकू देऊ नका.

धातू आतड्याचं नेमकं काय करतात तेही त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. कॅडमियम, शिसं, पारा हे शरीराला ओळखू येत नाहीत, शिसं कॅल्शियमसारखं वाटतं, कॅडमियम झिंक आणि लोहासारखं, त्यामुळे त्यांच्याच दारातून आत घुसतात. म्हणून फीडमध्ये कॅल्शियम, लोह, झिंक कमी असलं की हे जास्त शोषले जातात. कॉपर ओळखीचं आहे पण अती झालं की तेही पेशीत ऑक्सिडेशनचा भडका उडवतं. ग्लुटाथायोन, जे पेशीचं संरक्षण करतं, ते खर्ची पडतं, दोन पेशींमधली घट्ट शिवण, ऑक्लुडिन-क्लॉडिन या प्रोटीनची, ती उसवते, आणि आतड्यातले जंतू आणि त्यांची विषं रक्तात झिरपायला लागतात. मग ई-कोलाय दिसतो, आपण ई-कोलायला औषध देतो. जंतूंच्या वस्तीवरही परिणाम होतो. कॉपर लॅक्टोबॅसिलस बघत नाही की ई-कोलाय बघत नाही, सगळ्यांनाच मारतं, आणि जे उरतात ते कॉपर पचवणारे. त्यात वाईट हे की कॉपरला टिकण्याचे जीन आणि अँटिबायोटिकला टिकण्याचे जीन काही जंतूंमध्ये जोडीनेच असतात, म्हणजे मोरचूद ओतता ओतता आपण अँटिबायोटिक न लागणारे जंतू पोसतो. मी दिलेलं महागडं प्रोबायोटिक याच कॉपरच्या पाण्यातून जात होतं!

अजून एक मुद्दा मनात राहिला. खाल्लेल्या कॅडमियमचा फार थोडा भाग रक्तात जातो, बाकी सगळं आतड्यातून सरकत विष्ठेत जातं. आतड्याच्या पेशीतलं मेटॅलोथायोनीन नावाचं प्रोटीन कॅडमियमला पकडून ठेवतं आणि पेशी गळाली की तेही बाहेर. म्हणजे लिव्हरला जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट आतडं सोसतं, आणि आपण तपासतो फक्त लिव्हर. आमच्या लिव्हरमधलं कॉपर बघून कुणालाच शंका आली नसती, फार वर नव्हतं. म्हणूनच म्हणतो की नुसतं लिव्हरचं स्वस्त पॅकेज घेऊ नका. हां, हिस्टोपॅथॉलॉजी एकटीही पुरत नाही, आखूड विलाय मायकोटॉक्सिननेही (बुरशीच्या विषानेही) होतात, क्लॉस्ट्रिडियम जंतूनेही होतात, काचपट्टीवर धातूचं नाव लिहिलेलं नसतं. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तरच गोष्ट जुळते.

बाईंनी आर्सेनिकचा जुना किस्साही सांगितला, तो मला माहीत नव्हता. रॉक्सारसोन नावाचं आर्सेनिकचं औषध, अमेरिकेत १९४४ मध्ये मंजूर झालं, कॉक्सीसाठी आणि वाढीसाठी म्हणून ब्रॉयलरच्या फीडमध्ये वर्षानुवर्षं जात होतं, सेंद्रिय आहे, सुरक्षित आहे, जसं आलं तसं विष्ठेतून जातं असा समज. नंतर लक्षात आलं की जंतू त्याचं घातक असेंद्रिय आर्सेनिक करू शकतात, आणि २०११ मध्ये एफडीएला (अमेरिकेची औषध नियामक संस्था) औषध दिलेल्या पक्ष्यांच्या लिव्हरमध्ये ते जास्त सापडलं, कंपनीने विक्री थांबवली. त्याच कुळातलं शेवटचं नायटारसोन २०१५ च्या अखेरीस गेलं. आतड्यासाठी म्हणून दिलेला धातू सत्तर वर्षं चालला. आमचं मोरचूद काही महिने चालू होतं, पण विचार तोच, थोडं चांगलं म्हणजे रोज दिलेलं अजून चांगलं.

आता या सर्व्हिसमधली दुसरी खटकलेली गोष्ट. रिपोर्ट आल्यावर दोन दिवसांत लॅबच्याच मार्केटिंगचा फोन आला, बाइंडर घ्या, सगळे धातू बांधून बाहेर काढतो. मला हे आवडलं नाही. तपासणारा आणि विकणारा एकच नको. पॅथॉलॉजिस्ट बाईंना विचारलं तर त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. बेंटोनाइट, झिओलाइट आतड्यातला काही धातू धरून ठेवतात, हे खरंय, पण आत साठलेला धातू ते ओढून काढत नाहीत, जास्त प्रमाणात दिले तर कामाचे मिनरल, जीवनसत्त्वं आणि औषधंही धरतात, आणि मुळात ती मातीच आहे, तिच्यात स्वतःचं शिसं असू शकतं, तिचाही रिपोर्ट मागा. घोट घोट विष चालू ठेवून वरून बाइंडर देण्यात अर्थ नाही, आधी नळ बंद करा. एकाच लॅबमधली ही दोन माणसं, एकीने मला वाचवलं आणि दुसऱ्याने विकायला बघितलं, रिव्ह्यूत दोन्ही लिहिणं भाग आहे.

आम्ही केलं ते एवढंच. मोरचूद बंद, त्याच दिवशी. लाइन फ्लश केली. बुरशीरोधक बदललं, मिनरल मिक्स बनवणाऱ्याकडून कॉपर-झिंकचे आकडे लेखी घेतले. डीसीपी दुसऱ्या स्रोताचं, कॅडमियमच्या रिपोर्टसकट, आणि फीडमध्ये फायटेज एंझाइम वाढवलं म्हणजे धान्यातलाच फॉस्फरस सुटतो आणि डीसीपी कमी लागतं, धातूही आपोआप कमी. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई गरजेपुरतं आहे ना ते तपासलं. अँटिबायोटिक शून्य. आतड्याचं अस्तर साधारण तीन-चार दिवसांत नवं होत असतं, त्यामुळे आठवड्यात विष्ठा बांधून आली आणि यावेळी पाचव्या दिवशी परत बिघडली नाही. कवच सुधारायला मात्र तीन-चार आठवडे गेले.

दुसरं पॅकेज दीड महिन्याने घेतलं. विलाय बरेच उंच झालेले, क्रिप्ट अजून किंचित खोल, गिझार्डचं अस्तर साफ. फीडचं कॅडमियम ०.२ वर, कॉपर पंधराच्या आत. पण किडनीचं कॅडमियम जिथे होतं तिथेच, १ च्या थोडं वर. ते पक्ष्याच्या आयुष्यात काही उतरत नाही असं सांगितलं. युरोपात पोल्ट्रीच्या किडनीला १ आणि लिव्हरला ०.५ पीपीएमची मर्यादा आहे, मांसाला ०.०५. अंड्यात कॅडमियम फार कमी उतरतं, त्याची काळजी मिटली (शिशाचं तसं नाही, ते लेयरच्या हाडात साठतं आणि कवचासाठी हाड विरघळलं की बाहेर येतं, अगदी बलकापर्यंत). या लॉटचे पक्षी काढताना त्यांची लिव्हर-किडनी खाण्यासाठी जाऊ द्यायची नाही असं आम्ही ठरवलंय, कुणी विचारणार नाही तरीही. आणि खताचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण जे आतड्यातून बाहेर गेलं ते सगळं कॉपर त्या खतातच आहे, जंतू ते खाऊन संपवत नाहीत, ऊन-पावसाने ते उडून जात नाही. खताचा नमुना तपासायला दिलाय, तोपर्यंत ढीग बाजूला ठेवलाय. लॅबने हा नमुना पॅकेजमध्येच घ्यायला हवा, मला वेगळा द्यावा लागला.

ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. विष्ठा पातळ, औषध चार दिवस चालतं आणि कॉक्सी सापडत नाही, अशी अवस्था असेल तर पूर्ण पॅकेज घ्या, निपलच्या टोकाच्या नमुन्यासकट. नुसती खात्री करायची असेल तर डीसीपी, चुनखडी आणि मिनरल मिक्स एवढंच पाठवा, तयार फीडपेक्षा ते जास्त सांगतं. पाऱ्याची टेस्ट फिशमील नसेल तर गाळली तरी चालेल, आम्हाला काही मिळालं नाही त्यातून. आणि रिपोर्टवर फोनवर बोलायची सोय नसेल तर ती लॅब सोडा, नुसत्या तक्त्यावर मी कॅडमियमच्याच मागे धावत बसलो असतो.

मोरचूदचा डबा आता फीडच्या खोलीतून काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलाय, वापरला तर कोणी, किती, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत हे वहीत लिहायचं, आणि शेवटच्या तारखेला सुपरवायझरने उरलेलं परत माझ्या हातात आणून द्यायचं.